चालसुधार वर्ग

कर्वेनगरातल्या एका इंटरनॅशनल बालवाडीने एप्रिलमध्ये उन्हाळी गणवेश जाहीर केला आणि त्यात पातळ रबरी सपाता सक्तीच्या केल्या. मागे पट्टा नाही, तळाला जाडी नाही, वर मात्र परदेशी बदक. बालकांची पावलं मोकळी राहावीत, हा उदात्त हेतू. आयांनीही तशाच सपाता घालाव्यात, अशी नम्र सूचना होती. नम्र सूचना म्हणजे काय, हे कल्याणीला ठाऊक होतं. जूनमध्ये ज्युनिअर केजीचे प्रवेश होते.

आठवड्याभरात तिचा चार वर्षांचा दिग्विजय फरफटत चालू लागला. सपात निसटू नये म्हणून तो बोटं आवळून धरी. जिना उतरताना आईचा जीव टांगणीला लावणारं हे पोर आता बागेत पेन्शनरांशेजारी बाकावर बसून राही. सकाळी उठताच कल्याणीच्या टाचेतही सुई टोचल्यासारखी कळ येई. पण ते आईपणातलंच काहीतरी असेल म्हणून तिने सोडून दिलं.

हाडांच्या डॉक्टरांनी मुलाचं पाऊल उलटसुलट करून पाहिलं.

"पाय उत्तम आहे. चप्पल आजारी आहे. बदला."

"पण शाळेचा नियम आहे, डॉक्टर."

"मग शाळा बदला. चला, पुढचे कोण?"

"चेतन, तू तरी बोल ना मॅडमशी," ती नवऱ्याला म्हणाली. हडपसरच्या कंपनीत आख्खी टीम हाताखाली असलेला चेतन दचकला. "एस्केलेट नको करूस गं. ॲडमिशन होऊन जाऊ दे."

शेवटी तीच गेली. मुख्याध्यापिका उत्कर्षा मॅडमनी दिग्विजयला चालायला लावलं आणि गंभीर झाल्या.

"सपाता सगळ्यांच्या सारख्याच आहेत. मग दोष कुणात आहे, आपणच सांगा."

"अहो, घरी अनवाणी तो मस्त पळतो!"

"पळतो?" मॅडमनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे घरूनच सवय लागलीय."

अशा रीतीने चालसुधार वर्ग सुरू झाला. शाळा सुटल्यावर तासभर, त्याच सपातांत. बोटं आवळा, पाऊल उचलू नका, सरकवा. मे अखेरीस सगळी बालवाडी एका लयीत सरकू लागली. महिन्याभरात एकाही मुलाचा गुडघा फुटला नाही, हे मॅडमनी पालकसभेत अभिमानाने सांगितलं. उभं राहून टाळ्या वाजवायला गेलेल्या आया टाच धरून खाली बसल्या.

त्या रविवारी बागेत कल्याणीने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच मुलाच्या सपाता काढल्या. तो क्षणभर गवताकडे बघत राहिला. मग सुटलाच. घसरगुंडीला वळसा, झोपाळ्याखालून, माळीकाकांच्या पाइपवरून उडी!

"तुमचा का हो तो?" शेजारच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं. "अय्या, असा काय चालतो? कुणाला दाखवलंत की नाही?"

"वर्ग चालू आहे त्याचा," कल्याणी घाईघाईने म्हणाली, आणि हातात सपाता घेऊन लंगडत त्याच्यामागे निघाली. "दिगू, थांब! लोक बघतायत!"

दिगू थांबला. त्याला प्रवेशही मिळाला.

जूनमध्ये बालवाडीच्या फाटकावर पाटी लागली: 'नवी तुकडी सोमवारपासून. ज्यांची मुले अजूनही धावतात, अशा पालकांनी त्वरित भेटावे.'

तुमचं धावतं ना अजून? मग वाचत काय बसलात? जागा मोजक्याच आहेत.