अनवाणी हौसाबाईची नाट्यगडावरील स्वारी

रंगदेवतेस आधी दंडवत. द्वारपालास मागाहून, कारण देवता सर्वांस आत घेते आणि द्वारपाल घेत नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी राजधानीत जे वर्तमान जाहले ते जैसे घडले तैसे लिहितो. कोणास गोड लागावे म्हणून लिहीत नाही.

राज्याचे नाव घेत नाही. राजधानी थोर. तीत गायनाचे महाल आणि नाटकांचे गड ऐसे की पायऱ्या चढता गुडघ्यांनी राम म्हणावा, आणि आत गार वारा, तांबडी मखमल. सर्वांत थोर तो नवा नाट्यगड. त्याचे कारभारी दिगंबरपंत. पंतांनी त्याच सकाळी हुकूम काढिला की अनवाणी माणूस आत घेऊ नये, गालिचा परदेशचा आहे. आणि आधीच्या द्वारपालाने एका अनवाणी म्हाताऱ्यास आत सोडिले, म्हणोन त्यास उभ्या उभ्या चाकरीवरून काढिले, आणि त्याचे जागी तुळशीराम नावाचा नवा गडी उभा केला. त्याचे घरी खाणारी तोंडे पुष्कळ.

त्या सायंकाळी गडावर सुगंधा बोरगावकर हिचा खेळ मांडिला होता. पोर तंबूतल्या फडावर वाढलेली, राजधानीत पहिल्याने उभी राहणार, समोर सरदार, दरकदार, वर्तमानपत्रवाले बसणार. खेळ मोडला तर राजधानीचे दरवाजे तिजला जन्माचे बंद. आणि त्यांचे फडाची रीत ऐसी की नव्या रंगभूमीवर पहिला पाय ठेवावयाचा तर घुंगरांचे चाळ आईने आपल्या हाते पायी बांधावे, त्यावाचून नाचू नये, आणि चाळ घेऊन रंगभूमीची पायरी चढणाऱ्याने पायात काही घालू नये, कारण चाळ म्हणजे देव. सबब आई हौसाबाई चाळ पदरात बांधून गावाहून निघाली, सोबत थोरले बंधू शिवराममामा, जुने ढोलकीवाले.

रिक्षावाल्याने दोघांस आधी भलत्याच गायनमहाली नेऊन सोडिले. तेथे परदेशी वाद्यांची बैठक चालली होती. मामांनी दाराच्या फटीतून ऐकिले, एक सूर बरा लागला म्हणोन “वा” म्हणाले, आणि आतली सभा माना वळवून ऐसी पाहू लागली जैसे कोणी मेले, आणि शिपायाने दोघांस पायऱ्यांखाली उतरविले.

“काय गुन्हा केला रं?” मामा पुसते झाले.

“इथं दाद शेवटी द्यायची असते, आजोबा.”

“तवर ती जित्ती राहती का?”

मग धापा टाकीत नाट्यगडी पोहोचले तो पहिली घंटा झाली, आणि कलावंतांचा मागला दरवाजा त्या घंटेसच लावून घेतात, तो लागला. मग पुढल्या दरवाजास आले आणि दोघांनी रीतीप्रमाणे चपला खालच्या पायरीशी काढिल्या आणि वर चढले. तुळशीरामाने हात आडवा केला.

“तिकीट हाय, बघा की,” हौसाबाई बोलिली.

“तिकीट बरोबर आहे, बाई. पायात काही नाही. चप्पल घाला आणि या.”

“हातात चाळ अन् पायात चप्पल? आमच्यात ते न्हाय. पोरीला निरोप तरी धाडा.”

“दार सोडलं तर नोकरी जाईल. सकाळीच एकाची गेली.”

इतक्यात दुसरी घंटा झाली. आत सुगंधा पडद्याआड उघड्या पायांनी उभी, आणि आईचा पत्ता नाही. मागला दरवाजा लागलेला, तेव्हा आई पुढल्या दारी अडली असणार हे ताडून ती साजशृंगारासह पडदा सारून खाली उतरली आणि सरदारांच्या रांगांमधून चालत थेट दरवाजाबाहेर आली. सभा पाहात राहिली. हौसाबाईने पायरीवर बसून चाळ बांधावयास घेतले, गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली, आणि आतून टाळ्या पिटू लागले, त्या कौतुकाच्या नव्हत्या. तो दिगंबरपंत धावत आले.

“सुगंधाबाई, घंटा द्यायची आहे. चला आत. खेळातल्यांना नियम लागू नाही.”

“आणि आई?”

“आता चाळ तुमच्या पायात. आईंनी चप्पल घालावी आणि खुशाल यावं.”

“घालते की. आता काय अडचण न्हाय,” म्हणोन हौसाबाई खाली उतरली, आणि पायरीशी चपला नाहीत.

“दोघांच्याबी तुमच्या झाडूवाल्यानं कचऱ्याच्या गाडीत टाकल्या,” मामा बोलिले. “म्हणला, पायरीशी घाण नको.”

पंतांस “सोडा” म्हणावयास अर्धा श्वास पुरता. परंतु सकाळी काढिलेला हुकूम सायंकाळी चाकरांदेखत कैसा गिळावा? मोठ्या माणसाचा घसा ऐसे समयी फार अरुंद असतो.

“आई आत बसल्याबिगर मी हलायची नाही,” सुगंधा बोलिली.

“करार मोडलात म्हणून लिहीन. या शहरात पुन्हा उभ्या राहणार नाही.”

“लिहा.”

हौसाबाई काकुळतीस आली. “बये, हट्ट करू नगंस. मी हितं पायरीवर बसून ऐकते. जा.”

“तू गप बस, आई.”

आतल्या टाळ्या वाढल्या, कोणी शीळ घातली, एक सरदार उठोन घड्याळ पाहू लागला. मग पंतांनी आपले बूट काढिले, काळे, लखलखीत, आणि हौसाबाईपुढे ठेविले. तिने पाय घातले. एकेका बुटात तिची दोन्ही पाऊले मावती. आणि ती परदेशच्या गालिच्यावरून खडाक खडाक चालत गेली आणि सरदारांचे रांगेत बसली, आणि सुगंधा तिजमागे चाळ वाजवीत रंगभूमीवर गेली. मग पंतांनी उंबऱ्यावर पाय ठेविला, तो तुळशीरामाचा हात आडवा.

“साहेब, अनवाणी.”

“अरे, मी आहे.”

“होय, साहेब. सकाळच्यानंही असंच माणूस बघून सोडलं होतं.”

“मोजे आहेत पायात.”

“मोज्याचं हुकमात काही नाही, साहेब.”

तिसरी घंटा झाली आणि दार लागले. पंत अंगठ्याशी फाटलेला मोजा लपवीत मामांशेजारी पायरीवर बसले. आतून घुंगरांची पहिली फेक आली, आणि मागाहून सभेचा ऐसा गजर की दार हादरले. मामा “वा” म्हणाले.

“हळू,” पंत बोलिले.

“आता भाईर कोण काढणार, साहेब?” मामा बोलिले.

येणेंप्रमाणे स्वारी फत्ते जाहली. बूट खेळ संपताच परत मिळाले, चपला मिळाल्या नाहीत. दुसरे दिवशी तुळशीरामाची चाकरी गेली. पहिल्याने हुकूम मोडिला म्हणोन गेली, दुसऱ्याने पाळिला म्हणोन गेली. हुकूम भिंतीवर आहे, पंत गादीवर आहेत, आणि दारात तिसरा गडी उभा आहे, तो येणाऱ्याच्या पायांकडे पाहात नाही, तोंडाकडेही पाहात नाही, नुसते तिकीट पाहतो.