अस्सलबरहुकूम छत्री

पिंपळखोऱ्यात जुन्या जपानी चित्राची हाताने रंगवलेली नक्कल खरी ठरवून घ्यायची असेल, तर चित्रातल्या सगळ्या माणसांना घेऊन चित्र नक्कल कार्यालयात हजर व्हावं लागतं. वेळ साडेदहा ते दीड. घोडे आणि बगळे यांना माफी आहे.

कुमुद वाईंगडे मंगळवारी सहा जणांना घेऊन गेली. चित्र पावसातल्या पुलाचं होतं. मूळचं काम लाकडी ठशांचं, प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, आणि पावसाच्या रेघा केसाएवढ्या बारीक कोरलेल्या. कुमुदने ते सगळं ब्रशने उतरवलं होतं. तिचा हात दुकानांच्या पाट्या रंगवून तयार झालेला. वडील शांतिनाथ वाईंगडे गावातले नावाजलेले पेंटर होते. अशा हाताची रेघ हलत नाही. पुलावरची सहाही माणसं कागदावरून उतरून निमूट बाकावर बसली. त्यांच्या छत्र्या निथळून खाली तळं साचलं, तेव्हा शिपायाने फडकं आणलं आणि त्यांच्याच हातात दिलं.

तपासणीवरच्या चिंचणीकर भाऊसाहेबांनी भिंग लावून पावसाच्या रेघा मोजल्या. सव्वा तास लागला, चहा सोडून. रेघा बरोबर भरल्या. मग ते बाकापाशी गेले आणि सहाव्या माणसापुढे थांबले.

"हा कोरडा आहे."

"छत्री दिलीय मी त्याला," कुमुद म्हणाली.

"अस्सलात छत्र्या पाच. सहावा उघड्या डोक्याने चाललाय. तुम्ही दिलीत कशाला?"

"भिजत होता हो तो. पावणेदोनशे वर्षं!"

"बाई, त्याचं भिजणं पदसिद्ध आहे. मध्ये पडणारे आपण कोण?"

भाऊसाहेबांनी छत्री उघडून पाहिली. काळी, बाकदार मुठीची, आणि कापडावर पांढऱ्या ऑइल पेंटने 'शां. वा.' अशी ठळक अक्षरं. जपानी पुलावर मराठी नावाची छत्री, हे त्यांना नियमाबाहेरचं वाटलं, पण नवलाचं वाटलं नाही. नाव घातलं नाही तर छत्री परत कोण देतो? त्यांच्या स्वतःच्या छत्रीवर नाव, हुद्दा आणि शाखा, तिन्ही होती.

ही छत्री कुमुदच्या वडिलांची. ताजी रंगवलेली पाटी पावसात पोचवायची वेळ आली की ते छत्री पाटीवर धरायचे आणि स्वतः भिजायचे. कुणी टोकलं तर म्हणायचे, "मला सवय आहे." त्या सवयीनेच ते एका श्रावणात खोकत खोकत गेले. सहाव्या माणसाचे वाकलेले खांदे रंगवताना कुमुदला रडू आवरेना, आणि हाताने आपसूक छत्री काढली, अक्षरांसकट. त्या संध्याकाळी घरच्या खुंटीवरची छत्री नाहीशी झाली. यात गैर काही नव्हतं. एक छत्री दोन ठिकाणी असत नाही.

सहाव्या माणसाचा जबाब घेण्यात आला. तो मराठीत बोलला. रंगवणारा हात मराठी असला की असंच होतं, हे कार्यालयाला ठाऊक होतं.

"छत्री मागितली होती?"

"नाही."

"मग घेतलीत का?"

"पाऊस होता."

भाऊसाहेबांनी 'पावसाचे कारण सांगतो' असं लिहून घेतलं. असली कारणं त्यांनी खूप ऐकली होती.

"छत्री खरवडून काढा आणि पुढच्या मंगळवारी या," ते कुमुदला म्हणाले. "नाहीतर नक्कल रद्द. नक्कल रद्द म्हणजे तिच्यातली माणसंही रद्द, हे वेगळं सांगायला नको."

बाकावरचे पाच जण सहाव्याकडे बघायला लागले. आपली छत्री शाबूत असलेल्या माणसाची दुसऱ्याच्या छत्रीबद्दलची मतं फार स्पष्ट असतात.

सहावा उठला. त्याने छत्री नीट मिटली आणि कुमुदपुढे धरली. "घ्या ताई. मला सवय आहे."

कुमुदने दोन्ही हात मागे घेतले. "नाही घ्यायची मला. भाऊसाहेब, नियम वाचा एकदा नीट."

नियम वाचा म्हणणारं माणूस तेवीस वर्षांत इथे आलं नव्हतं. भाऊसाहेबांनी पुस्तिका शोधली, झटकली आणि वाचली. भिजणाऱ्यांची संख्या अस्सलाइतकी असावी, एवढंच तिच्यात होतं. कोणी भिजायचं, ते लिहायचं राहून गेलं होतं.

"एक इसम भिजायला हवा," ते म्हणाले. "नाव?"

"माझं लिहा."

"अहो, ब्रश धरता ना तुम्ही? ओल्या हाताने रंग कसे लावणार? आणि हे कायमचं असतं, सांगून ठेवतो."

"लिहा म्हटलं ना."

त्यांनी लिहिलं. नकलेवर 'अस्सलबरहुकूम' असा शिक्का बसला आणि कार्यालयात फक्त कुमुदवर पाऊस सुरू झाला.

"उभ्या राहा," भाऊसाहेब म्हणाले. "खुर्ची सरकारी आहे."

वर्षभर कुमुद भिजत राहिली, एप्रिलच्या उन्हातसुद्धा. गल्लीने आठवडाभर हळहळ केली आणि मग आपापल्या तुळशीच्या कुंड्या तिच्या वाटेवर आणून ठेवल्या. चित्रं बंद पडली. कागदावर हात टेकला की रंग पसरायचे, आणि हे तिला फार लागलं. पण नगरवाचनालयात टांगलेल्या नकलेतला सहावा माणूस कोरडा चाललेला पाहिला, की त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवायची.

वर्षाने फेरतपासणी आली. सहा जण पुन्हा बाकावर बसले. या वेळी सहाव्याचं उजवं अंग चिंब होतं. छत्री त्याने डावीकडे तिरकी धरली होती, पार चौकटीबाहेर.

"तिरकी का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"शेजारी कुणी चाललं की धरतो मी."

भाऊसाहेबांनी समोर उभ्या असलेल्या कुमुदकडे पाहिलं. तिचा उजवा खांदा कोरडा होता. तो कधीपासून तसा होता, ते तिच्याही ध्यानात आलं नव्हतं. भाऊसाहेबांनी बराच वेळ भिंग पुसलं.

"अर्ध्या तुम्ही, अर्धे हे," ते म्हणाले. "भिजणारे एकूण एक. बेरीज जुळते."

छत्री तिरकी असण्याच्या कारणापुढे त्यांनी 'वारा' असं लिहिलं.

उजवा हात कोरडा झाल्यामुळे कुमुदने त्याच आठवड्यात नवं चित्र घेतलं. बर्फाचं होतं, अकरा माणसांचं, आणि त्यातली एक म्हातारी अनवाणी होती. कुमुदने दाराशी काढून ठेवलेल्या आपल्या चपलांकडे एकदा पाहिलं आणि ब्रश रंगात बुडवला.