पूर्वस्थिती सहाय्य समिती

आमच्या कार्यालयातील कनिष्ठ लिपिक सूर्यभान ताथोड यांची प्रकृती सुधारत असल्याची गंभीर बाब फेब्रुवारी महिन्यात निदर्शनास आली. ती वेळीच निदर्शनास आली असती तर पुढचे सगळे टळले असते, असे माझे प्रामाणिक मत आहे. परंतु अमरावतीच्या आमच्या विभागीय मापन व अभिलेख कार्यालयात माणसाकडे पाहायची पद्धत नाही. त्याची फाइल पाहतात. सूर्यभान यांच्या फाइलीत त्यांचा अठरा वर्षांपूर्वीचा फोटो होता आणि त्यात ते बारीकच होते.

मी कुंदन उमक, तिथलाच वरिष्ठ लिपिक. सूर्यभान माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात, त्यामुळे मला थोडेफार ठाऊक होते. दीड वर्षापूर्वी त्यांची साखर तीनशेच्या वर गेली. त्याच सुमारास चांदूर रेल्वेला राहणारे त्यांचे थोरले भाऊ नत्थुजी यांचा डावा पाय साखरेपायी घोट्याच्या वरून कापावा लागला. भावाला पाहून आल्यावर सूर्यभान यांनी दोन दिवस जेवणाचा डबा न उघडताच घरी परत नेला. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, एकदम काही करू नका, आठ दिवसांत सोडून द्याल. घरापासून विजेच्या पहिल्या खांबापर्यंत चालत जा आणि परत या. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खांबापर्यंत. चहातली साखर महिन्याला पाव चमचा कमी करा. पोळी कमी करत ज्वारीच्या भाकरीवर या.

सूर्यभान सरकारी नोकर असल्यामुळे त्यांनी आदेश जसाच्या तसा पाळला. बडनेऱ्याच्या त्यांच्या गल्लीतून निघून वर्षभरात ते त्रेपन्नाव्या खांबापर्यंत पोहोचले. चौदा किलो उतरले. साखर एकशे अठरावर आली. याचा गाजावाजा त्यांनी केला नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवे भोक पाडले, तेवढेच काय ते.

त्यानंतर परिपत्रक आले. 'आहार व व्यायाम : क्रमशः व चिरस्थायी बदल अभियान'. एकूण पाने सत्तेचाळीस. पहिल्या पानावर 'बदल सावकाश करावेत, घाई करू नये' असे होते आणि शेवटच्या पानावर 'वरील कार्यवाही नव्वद दिवसांत पूर्ण करावी' असे. अभियानाच्या सुरुवातीला प्रत्येक कर्मचाऱ्याचे वजन व साखर संकेतस्थळावर नोंदवायची, ही पायाभूत स्थिती. नव्वद दिवसांनी पुन्हा नोंदवायची. जेवढी घट तेवढे गुण, आणि सर्वाधिक गुणांच्या कार्यालयाला फिरती ढाल.

आमच्या प्रमुख प्रियदर्शनी मॅडम पुण्याहून बदलून आलेल्या. कामाला वाघ. मागच्या वर्षीची टापटीप ढाल अकोल्याने नेली, हे त्यांच्या जिव्हारी लागले होते. त्यांनी बैठक घेतली. बैठकीत तेलकट पदार्थांचे दुष्परिणाम यावर चर्चा झाली आणि आलूबोंडे संपल्यावर ती आटोपली. उठता उठता आमचा शिपाई भगवंत पुढे आला. त्याचा साळा अकोल्याच्या कार्यालयात आहे.

"मॅडम, अकोलेवाले काट्यावर चढाच्या आधी दोन-दोन तांबे ताक पिऊन राहिले म्हनते. अन् त्याईचे बडे बाबू त खिशात कुलपं टाकून चढले."

"हे सरळसरळ गैर आहे," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी टेबलावरचे कॅलेंडर पुढे ओढले. "आपलं वजन कधी आहे?"

"सोमवारी जी."

"ते आठ दिवस पुढे घेऊ. कुलपं वगैरे आपल्याकडे चालणार नाहीत. जे काही करायचं ते नियमात राहून, स्वतःच्या अंगावर करायचं."

अशा रीतीने पायाभूत सप्ताह साजरा झाला. सोमवारी गिला वडा, मंगळवारी कचोरी, बुधवारी तुपात बुडवलेले रोडगे, गुरुवारी संत्रा बर्फी, शुक्रवारी जे उरले ते. लिफ्ट बंद असायची, ती दुरुस्त झाली. जिना चढताना दिसणाऱ्यास समज देण्यात आली. माझे स्वतःचे वजन सात दिवसांत तीन किलो दोनशे ग्रॅमने वाढले. मी ते अभिमानाने नोंदवले, आणि मॅडमनी सर्वांसमोर माझी पाठ थोपटली.

सूर्यभान मात्र काट्यावर चढले आणि संकेतस्थळावर लाल चौकट आली : 'सुधारणेस वाव नाही. नोंद अपात्र. सर्व नोंदी पात्र ठरल्याशिवाय कार्यालयाची माहिती स्वीकारली जाणार नाही.' बावीस जणांनी आठ दिवस झिजून, म्हणजे फुगून, जे कमावले होते ते एका माणसापायी अडकले.

सूर्यभान यांना खुलासा मागवणारी नोटीस निघाली. मसुदा माझाच. 'आपण अभियान सुरू होण्यापूर्वी, वरिष्ठांची परवानगी न घेता, परस्पर सुधारणा केल्याचे दिसून येते. त्यामुळे अभियानाच्या उद्दिष्टास बाधा पोहोचली आहे. आपणावर कार्यवाही का करू नये, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.'

सूर्यभान वर्षभराचे रिपोर्ट घेऊन मॅडमसमोर उभे राहिले.

"हे पाहा मॅडम. तीनशे दहा होती, एकशे अठरा झाली. हेच करा म्हनते ना परिपत्रक?"

"हेच म्हणतं. पण ह्या तारखा पाहा. अभियानाच्या कालावधीबाहेरच्या आहेत. ही सुधारणा धरता येत नाही."

"मंग आता मी काय करू?"

"पूर्वस्थितीत या," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरोखर कळकळ होती. "पंधरा दिवसांची मुदतवाढ मी मिळवली आहे. एकदा नोंद पात्र झाली की तुम्ही पुन्हा सुधारायला मोकळे. तुम्हाला तर सवय आहे. नाहीतर तेल्हाऱ्याला एक जागा रिकामी आहे, मला नाइलाजाने तुमचं नाव पाठवावं लागेल."

"पाठवा जी," सूर्यभान शांतपणे म्हणाले. "तेल्हाऱ्यातई इजेचे खांब हायेत."

हे उत्तर कार्यालयाला अपेक्षित नव्हते. तेव्हा आम्ही पूर्वस्थिती सहाय्य समिती स्थापन केली. मी सचिव, भगवंत सदस्य आणि आवक शाखेचे मनोज बोचरे दुसरे सदस्य. पहिल्याच बैठकीत मी म्हणालो की नोटिशीने हा माणूस वळणार नाही. वऱ्हाडात माणूस शासनाचा आदेश नाकारू शकतो, पण कोणी प्रेमाने पुढे केलेली बशी नाकारू शकत नाही. नाकारली की समोरच्याचा अपमान होतो, आणि तो अपमान मग दोन्हीकडच्या लग्नांत पुरतो. हा ठराव एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी मनोजच्या मुलीचा वाढदिवस निघाला. तिसऱ्या दिवशी भगवंतने नवी मोटारसायकल घेतल्याची बर्फी आणली. चौथ्या दिवशी मी आईच्या हातच्या पुरणपोळ्या डब्यात घालून, वर तूप सोडून, सूर्यभानच्या टेबलावर ठेवल्या.

"कुंदनभाऊ, नका ना जी. तुमाले त सारं मालूम हाये."

"मायनं मुद्दाम तुमच्यासाठी पाठवली. म्हातारी इचारीन, सूर्यभाननं खाल्ली का? मी काय सांगू तिले?"

"मायले माहा नमस्कार सांगा."

"नमस्कारानं तिचं पोट भरते का? एक खा. एकानं काय होते?"

सूर्यभाननी पोळीकडे पाहिले, मग माझ्याकडे. आईने ती त्यांच्यासाठी मुळीच केली नव्हती, माझ्यासाठी केली होती. त्यांनी एक खाल्ली. मग मनोजने विचारले की आमच्या घरचं तेवढं चालत नाही का. त्या दिवसापासून काम सोपे झाले. सकाळी सहाला भगवंत नवी मोटारसायकल घेऊन त्यांच्या दारात उभा राहू लागला. चालायला निघालेल्या सूर्यभानना "बसा जी, माणूस दारात आला अन् तुमी पायी जाता काय?" म्हणत मागे बसवायचा आणि रसवंतीवर न्यायचा. तिथे उसाचा रस. दोन पेले.

बाराव्या दिवशी, सुट्टी असल्याने, मी फेरनोंदीच्या अर्जावर सूर्यभान यांची सही घ्यायला बडनेऱ्याला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा दार त्यांच्या बायकोने, चंदावहिनींनी उघडले. त्यांनी मला आत घेतले नाही.

"कुंदनभाऊ, माह्या जेठाचा पाय कापला तवा दवाखान्यात मी होती. त्या मलमपट्टीचा वास तुमाले माहीत नाई. हे वर्षभर एकेक खांब चालले, रोज राती मले सांगत जाय, आज इतके झाले म्हनून. तुमी पंधरा दिवसात काहून मागं आनून राहिले त्याईले?"

मी म्हणालो, "वहिनी, फक्त नोंद होईपर्यंत. मग पुन्हा सुरू."

"तुमी भाजीची जुडी ठेवता फ्रिजमंदी, तशी सवय ठेवता येते का? काहाडली अन् वापरली?"

मी सही न घेताच परतलो. मला वाईट वाटले, हे मी स्पष्ट नमूद करतो. परंतु अहवालात वाईट वाटण्याचा रकाना नव्हता.

पंधराव्या दिवशी सूर्यभान यांचे वजन ब्याऐंशी आणि साखर दोनशे सत्याऐंशी भरली. चौकट हिरवी झाली. टाळ्या झाल्या. मॅडमनी त्यांचा हात हातात घेऊन सांगितले, "आता तुम्ही बिनधास्त सुधारा."

त्यांनी प्रयत्न केला. पहाटे उठायचे, चपला घालायचे आणि चौथ्या खांबावरून परत यायचे. एकदा मला म्हणाले, "कुंदनभाऊ, पयले पाय मले घिऊन जात होते. आता मले पायाले ओढून न्या लागते." चहात त्यांनी पाव चमचा कमी करून पाहिला, तर कपात साखर नाहीच असे त्यांना वाटायचे. संध्याकाळी पाच वाजता जीभ आपोआप बर्फी मागायची. वर्षभरात जे एकेका खांबाने जमले होते ते पंधरा दिवसांत गेले होते, आणि आता तीनशे दहाची भीतीही पहिल्यासारखी उरली नव्हती. ती एकदा जिंकून झाली होती ना.

एप्रिलच्या शेवटी मुख्यालयाचे पत्र आले की चालण्याची प्रत्यक्ष कार्यवाही फोटोसह सादर करावी. म्हणून पदयात्रा ठरली. सर्वांना एकाच मापाचे बूट पुरवण्यात आले, कारण मागणीपत्रात मापाचा रकाना एकच होता. सकाळी सहाची वेळ होती. मुख्यालयाचे पाहुणे सव्वाअकराला आले. तोवर डांबर पाघळायला लागले होते. त्या आठवड्यात अमरावतीचा पारा पंचेचाळीसच्या वर होता. सूर्यभान ते आखूड बूट घालून तीन किलोमीटर चालले आणि त्यांना काहीच दुखले नाही. साखरेने पायाची जाणीव बोथट होते, हे परिपत्रकाच्या एकतिसाव्या पानावर होते. आम्ही कोणी तिथपर्यंत पोहोचलो नव्हतो.

संध्याकाळी मोजा काढताना चंदावहिनींना रक्त दिसले. आठ दिवसांत अंगठा काळा पडला. दवाखान्यात तीन आठवडे गेले. उजव्या पायाचा अंगठा गेला, पाय वाचला.

दरम्यान नव्वद दिवस पूर्ण झाले. आम्ही बाकीच्यांनी शेवटच्या तीन दिवसांत लिंबूपाणी आणि जुलाबाच्या गोळ्यांवर समाधानकारक घट दाखवली, पण अकोला तरीही पुढे होते. तेवढ्यात दवाखान्यातून सूर्यभान यांचे आकडे आले. वजन एकाहत्तर. साखर, इंजेक्शनांवर का होईना, एकशे बावीस. एवढी घट अमरावती, अकोला धरून साऱ्या विभागात कोणाची नव्हती. ढाल आमच्याकडे आली.

अंतिम नमुन्यात शेवटचा रकाना होता, 'चिरस्थायी बदल'. बावीस जणांच्या नावापुढे मी 'निरंक' लिहिले. सूर्यभान यांच्या नावापुढे मात्र लिहिण्यासारखे होते. 'उजव्या पायाचा अंगठा' असे लिहून मी कागद मॅडमकडे नेला. त्यांनी तो वाचला आणि सही केली.

या सगळ्यात आणखी एक गोष्ट झाली. पायाभूत सप्ताहात वाढलेले माझे तीन किलो दोनशे ग्रॅम जुलाब थांबताच परत आले आणि येताना साखर घेऊन आले. सकाळची, उपाशीपोटी, दोनशे साठ. डॉक्टरांनी मलाही तेच सांगितले. सावकाश, थोडे थोडे, रोज. मी घाबरलो आहे. मला खरोखरच बदलायचे आहे आणि ही गोष्ट मी कोणत्याही रकान्यासाठी लिहीत नाही.

तुम्ही हे वाचून आमच्या समितीवर चिडला असाल. चिडा, तो तुमचा अधिकार आहे. परंतु या लग्नसराईत मी तुमच्या घरच्या पंगतीत बसणार आहे. वाढप्याच्या मागून तुम्ही स्वतः जिलबीचे ताट घेऊन याल. मी पानावर दोन्ही हात आडवे धरेन आणि नको म्हणेन. तेव्हा तुम्ही माझे हात बाजूला कराल.