आबांच्या गिलक्यांचे मफिन

"आता आपल्या घरात बेकरीची खारी येणार नाही, टोस्ट येणार नाही, पावसुद्धा येणार नाही!" जळगावच्या एसटीतून उतरल्या उतरल्या मंदाने धुळ्याच्या स्टँडवरच जाहीर करून टाकलं. तिच्या हातात बहिणीने दिलेला गोल ओव्हन होता. अॅल्युमिनियमचा, पोचे आलेला, झाकणाला काचेची खिडकी असलेला. डोळ्यांत मात्र चमक अशी, की ही बाई आत्ता निवडणूक जिंकून आली आहे!

नवरा आधार डेपोत कारकून. त्याने ओव्हन सायकलच्या कॅरिअरला बांधत विचारलं, "मग बेकरीवाल्याने काय करायचं?"

"त्याने माझ्याकडे शिकायला यायचं!"

पंधरा दिवस बहिणीकडे राहून मंदाने केक-बिस्किटांचा क्लास केला होता. एकोणीस वर्षं संसार केला, पण त्या स्वयंपाकघरात मीठ पडायचं ते सासूबाईंच्या अंदाजाने आणि फोडणी बसायची ती सासूबाईंच्या हुकमाने. स्वतःचा म्हणावा असा एकही पदार्थ तिच्या नावावर नव्हता. तो आता होणार होता. येताना तिने दालचिनीची पूडही आणली होती, छोट्या गोल डबीत भरून. एसटीच्या खिडकीशी बसून सर्दीही आणली होती, पण तिची मोजदाद तेव्हा कोणी केली नाही. ती चूकच झाली!

घरी प्रश्न होता गिलक्यांचा. परसातल्या भिंतीवर गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, एक वेल होता आणि तो पिसाटल्यासारखा फळत होता. रोज भाजी, रोज भजी. शेजारपाजारी वाटून झालं. शेवटी शेवटी तर मंदा पिशवी घेऊन निघालेली दिसली की गल्लीतल्या बायका दाराला कडी लावून घ्यायच्या. हा वेल कोणी लावलेला नव्हता. तीन वर्षांपूर्वी सासरे जीवरामआबा गेले, आणि ते जिथे बसून चूळ भरत त्याच कोपऱ्यात पुढच्या पावसाळ्यात तो आपोआप उगवला. सासूबाई, म्हणजे नर्मदाबाई, म्हणजे सगळ्यांच्या अक्का, त्या वेलाशी डोक्यावरून पदर घेऊन बोलत.

"हाऊ वेल कोनी लावा नही," अक्का म्हणत. "त्यासनीच लावा."

वारा पडलेला असतानाही त्या वेलाची पानं कधी कधी हलत. मंदा तिकडे बघायचं टाळत असे.

भाद्रपद लागला. आबांचं पित्तर आलं. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने कोणाला तरी जेवायला बसवायचं, आणि तेवढा वेळ तो पाहुणा म्हणजे साक्षात आपलाच गेलेला माणूस असं मानायचं. खीर, कढी आणि गिलक्याची भजी तर हवीतच. मंदाने पदर खोचला आणि म्हणाली, "अक्का, भजी करतेच. पण यंदा आबांना गिलक्याचे मफिनही खाऊ घालणार!"

"ते काय ऱ्हास?"

"वाटीतले केक. बिनअंड्याचे, दह्यातले. गिलकं किसून घालायचं."

अक्कांनी ओव्हनकडे पाहिलं. ओव्हन ओट्यावर आला तेव्हापासून त्यांनी त्याला एकदाही हात लावला नव्हता. "कर," त्या म्हणाल्या. "पित्तरले गोड लागना त मशीन राही. नही त रविवारले जळगावले रवाना!"

बस! मंदाचं सगळं आयुष्य बारा वाट्यांवर येऊन टेकलं.

पित्तराच्या दिवशी सकाळपासून ती भूत लागल्यासारखी राबत होती. नाक इतकं चोंदलं होतं की कढीला फोडणी बसली हेसुद्धा तिला आवाजावरून कळलं. गिलकी किसली, पिळली, पिठात मिसळली. मग फळीवर हळदीच्या डब्यामागे हात घालून दालचिनीची डबी काढली. चमचाभर पूड पिठात घातली, आणि क्लासच्या बाईंनी शिकवलं होतं तशी उरलेली वरून सढळ हाताने भुरभुरली. डबी रिकामी! मन लावून काम करणाऱ्या माणसाला काटकसर सुचत नाही.

अकराच्या सुमाराला बटण दाबलं. घरातले दिवे एकदम मंदावले. ओव्हनमधून आवाज आला. टक. टक.

मधल्या खोलीत अक्का फुलवाती वळत होत्या. त्यांचा हात थांबला. आबा तपकीर ओढण्याआधी डबीवर बोटाने असंच दोनदा वाजवत. टक. टक.

"ते आपोआप चालू-बंद होतं, अक्का," मंदा आतून ओरडली. "तापलं की बंद, निवलं की चालू!"

अक्कांनी हातातली वात खाली ठेवली. बाहेर भादव्याचं ऊन रणरणत होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. भिंतीवर ठेवलेल्या घासाजवळ एक कावळा उतरला, त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीत मान वाकडी करून पाहिलं आणि न शिवता उडून गेला.

दहा मिनिटांनी अक्का उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक.

"मंदा व, तुले वास येस का?"

"कसला?"

"त्यासना."

मंदाने नाक ओढून पाहिलं. नाकाची दोन्ही दारं बंद! "मला नाही बाई काही येत," ती म्हणाली, पण तिच्या हातावर काटा उभा राहिला. ओव्हनच्या काचेतून पाहिलं तर बारा मफिन अंधारात हळूहळू फुगत होते, कोणीतरी आतून फुंकर घालावी तसे.

तेवढ्यात आधार डेपोतून आला. ओठात सिगरेट धरून तो दारातून आत शिरला, एक पाऊल टाकलं, आणि जागच्या जागी थिजला. मग त्या पंचेचाळीस वर्षांच्या बाप्याने झटकन सिगरेट पाठीमागे लपवली!

"आबा..." त्याच्या तोंडून निघून गेलं. "मंदा, आबा कुठे आहेत?"

"अहो, काय बोलताय? तीन वर्षं झाली!"

"ते मला माहीत आहे! पण ते इथेच आहेत. या खोलीत. तुला खरंच वास येत नाही?"

मंदाला आता खरोखर भीती वाटली. वासाची नाही, वास न येण्याची! सगळ्या घराला सासरे भेटले होते आणि फक्त तिलाच त्यांनी टाळलं होतं. हा केकवरचा राग तर नसेल?

अशा वेळी निंबानाना हजर झाले. निवृत्त तलाठी, धिप्पाड गडी आणि यंदा या घरी पित्तर म्हणून बसणारे पाहुणे. नानांचं नाक अकरा वर्षं बंद होतं. वास येत नसल्यामुळेच की काय, समोर आलेला प्रत्येक पदार्थ नाकाला लावून जोरात ओढायची त्यांना खोड होती. घरात जमलेल्या त्या वासाचा त्यांना पत्ताच नव्हता. ते पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढा वहिनी, भूक लागनी."

अक्का त्यांच्या पाया पडल्या. मग निखाऱ्यावर आगारी, म्हणजे गेलेल्याच्या नावाचा घास, टाकायला घेतली. आधी तूप, मग खीर, मग भजं. शेवटी त्यांनी एक मफिन कुस्करून निखाऱ्यावर टाकला.

आणि काय सांगावं! निखाऱ्यातून निळसर धूर उठला आणि खोलीभर पसरला. आधारने भिंतीला पाठ टेकली. अक्कांचे डोळे वाहू लागले. स्वयंपाकघरातून, बटण बंद केलेलं असतानाही, आवाज आला. टक. टक.

"निवतंय ते," मंदा पुटपुटली. तिचं तिलाच पटेना.

इकडे नानांनी ताटातला मफिन उचलला, नाकाला लावला, आणि अकरा वर्षांच्या सवयीने पोटापासून श्वास ओढला. मग एक घास तोडला. तो घास काही पोटात गेला नाही. नानांचे डोळे मोठे झाले. मिशा थरथरल्या. आणि शिंक आली! भांड्यांच्या मांडणीवरचे पेले वाजले. दुसरी आली. तिसरी आली. ओळीने सात. आबासुद्धा सातच देत!

सातवी शिंक देऊन नानांनी डोळे मिटले आणि घोगऱ्या, खरखरीत, त्यांचा नव्हेच अशा आवाजात म्हणाले, "हां... आते बरं वाटनं!"

हे आबांचं वाक्य होतं. शब्द न् शब्द!

"उनात!" अक्का किंचाळल्या. "बठ्ठा जन हात जोडा! त्या उनात!"

आबा आले म्हणताच आधारने विझलेली सिगरेट टाकून हात जोडले. अक्का नानांसमोर बसल्या. "काय इच्छा राही गयी तुम्हनी? सांगा ना!"

"पानी..." नाना कसेबसे म्हणाले. घशात जाळ झाला होता. "पानी द्या..."

मंदाचं डोकं मात्र चालू होतं. बोलून चालून कारकुनाची बायको! ती आधारच्या कानाशी लागली. "मशीनचं विचारा ना!"

"आत्ता?"

"मग काय पुढच्या पित्तराला?"

आधारने घसा साफ केला. "आबा, ते... केकचं मशीन घरात राहू द्यायचं का?"

नानांना आठवी शिंक आली. तिच्यासोबत मान खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. याहून स्पष्ट होकार कोणत्या सासऱ्याने दिला असेल?

"हो म्हनी राह्यनात!" अक्कांनी निकाल दिला. ओव्हन राहिला. मंदा जिंकली!

जेवणं उरकली. नाना रुमालात नाक धरून, "अरे, माले कढीना वास येस! अकरा वरीसनंतर कढीना वास येस!" असं ओरडत घरी गेले. आधार हात धुऊन पुन्हा डेपोत पळाला. मंदा आपल्याच विजयावर खूश होऊन फळी आवरायला लागली, आणि हळदीच्या डब्याच्या अलीकडे तिला एक गोल डबी दिसली. उघडून पाहिली. दालचिनी. काठोकाठ भरलेली.

मग सकाळी रिकामी केली ती कोणती?

ती दुसरी डबी हातात धरून उभी असतानाच मागे अक्का आल्या. त्यांनी सरळ हळदीच्या डब्यामागे हात घातला. हात चाचपडला, पुन्हा चाचपडला, रिकामा बाहेर आला.

"मन्ही डब्बी कोठे शे?" अक्का स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "त्यासनी तपकीर व्हती तिन्हामा."

रोज सकाळी, कोणी उठायच्या आत, अक्का ती डबी उघडत आणि नुसता वास घेऊन मिटत. तीन वर्षं. घरात कोणालाही ठाऊक नव्हतं.

मंदाला उलगडा झाला. गप्प बसावं तर ओव्हन आपला. बोलावं तर रविवारची एसटी. आणि अक्कांचा हात अजून फळीवरच होता, पुन्हा पुन्हा तिथेच जात होता. तिला बघवेना.

"अक्का, ती मी केकमध्ये घातली," ती म्हणाली. "दालचिनी समजून. सगळी."

अक्कांनी फळीवरचा हात हळूच खाली घेतला. परसात वेलाची पानं हलली. वारा अजिबात नव्हता.

"कितला ऱ्हायनात?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दहा."

"एक दे."

मंदाने दिला. अक्कांनी त्याचा वरचा, पूड भुरभुरलेला पापुद्रा हलक्या हाताने सोडवला, रिकाम्या डबीत दाबून बसवला आणि झाकण लावलं. बोटाने दोनदा वाजवलं.

"बाकीचे टाकून देऊ?" मंदाने घाबरत विचारलं.

"कसाले? निंबाभाऊले दे. खावाले नको, हुंगाले!"

"आणि मशीन?"

"त्यासनी हो म्हना ना? मंग मी कोन नही म्हननारी?" आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा अक्का तिच्याकडे बघून हसल्या.

मंदाच्या जिवात जीव आला. एकोणीस वर्षांनी एक पदार्थ तिच्या नावावर लागला होता, तोही हुंगायचा! काय बिघडलं ते तरी बघावं म्हणून तिने एक मफिन उचलून नाकाशी धरला आणि श्वास ओढला. शिंक आली. नाकाची दोन्ही दारं खाडकन उघडली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिला वास आला.

तिने दचकून मागे पाहिलं आणि झटकन डोक्यावरून पदर घेतला!

"आते उना का वास?" अक्का म्हणाल्या.

मंदाने एक पाट भिंतीशी सरकवून ठेवला.