पलंग आणायला गेलो

रुग्णसाहित्य केंद्राचं काम माझ्याकडे द्या, बाहेर गेलेल्या झाडून सगळ्या वस्तू महिन्याभरात परत आणून दाखवतो, असं मी मंडळाच्या सभेत उभं राहून सांगितलं तेव्हा जोरात टाळ्या पडल्या. त्या का पडल्या ते मला नंतर कळलं. गेली कित्येक वर्षं त्या कामाला कोणी तयारच होत नव्हतं.

आमचं सेवासाथी मंडळ ठाण्याच्या नौपाड्यातलं. रक्तदान, चष्मेवाटप वगैरे सगळे करतात तसं आम्हीही करतो. पण आमचा खरा अभिमान म्हणजे एका सोसायटीच्या गॅरेजमधलं हे केंद्र. वॉकर, व्हीलचेअर, कमोडच्या खुर्च्या, कमरेचे पट्टे, आणि हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर करता येते असे दवाखान्यातले दोन पलंग. ज्याला गरज आहे त्याने फुकट न्यावं आणि बरं वाटलं की परत आणावं. यातला पहिला भाग लोक अगदी मनापासून पाळतात.

परत मागायला गेलं की सगळ्यांचं उत्तर एकच. "राहू दे ना अजून आठ दिवस. परत केलं आणि पुन्हा दुखणं आलं तर?" एका घरी आमच्या वॉकरवर टॉवेल वाळत होते, तरी म्हणे लागतो अधूनमधून. असल्या अंधश्रद्धेची मला भयंकर चीड आहे. शिकलेली माणसं ही! तसं मी सभेत बोलूनही दाखवलं.

"यात अवघड काय आहे?" मी घरी देवयानीला म्हणालो. "फोन करायचा, अजून लागतंय का विचारायचं, आणि घेऊन यायचं."

"म्हणजे पेशंट आहे की गेला, असं विचारायचं," ती भाजी चिरता चिरता म्हणाली.

बायकोला समाजसेवेतलं काही कळत नाही, असं तेव्हा माझं मत होतं.

त्याच आठवड्यात आमच्या सेक्रेटरीची, आसावरीची, आई नीलाताई बाथरूममध्ये पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. रविवारी दुपारी घरी सोडणार होते आणि डॉक्टरांनी डोकं उचलता येईल असा पलंग हवाच म्हणून बजावलं होतं. आसावरी बिचारी भाड्याने आणायला निघाली होती. मीच अडवलं.

"आपलं केंद्र असताना सेक्रेटरीने भाड्याचा पलंग आणायचा? लोक काय म्हणतील? रविवारी सकाळी पलंग तुझ्या घरी. शब्द माझा."

"नक्की ना, भाऊ? मग मी दुकानात नको म्हणून कळवते."

"कळव," मी म्हणालो.

आमच्या दोन पलंगांपैकी एक वर्तकनगरला, खरोखर अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांकडे होता. त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. दुसरा होता कल्याणला, खाडीकडच्या गावात, काळुराम भोईरांच्या घरी. त्यांच्या आईचा, सखुबाईंचा, पाय मोडला म्हणून गेल्या दिवाळीत नेलेला. आता पुढची दिवाळी तोंडावर आली होती.

मी काळुरामांना फोन लावला. "आई कशा आहेत?"

"एकदम मस्त ना, साहेब. चालतेय, फिरतेय."

पुढचं वाक्य 'मग पलंग द्या' हे होतं. ते काही केल्या तोंडातून बाहेर पडेना. म्हातारी मस्त आहे म्हणून सांगतायत, आणि आपण लगेच तिच्या अंगाखालचा पलंग मागायचा? "मी येतो त्यांना बघायला," असं काहीतरी बाहेर पडलं.

रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मोसंबी घेतली. भोईरांची स्वतःची चार मजली बिल्डिंग, आईच्याच नावाची. तळमजल्यावर दाराच्या बरोबर समोर आमचा पलंग, आणि त्यावर पाठ टेकून, नऊवारी नेसलेल्या सखुबाई. कोर्टात न्यायाधीश बसतात तशा.

"कोन रं तू?"

"मी मंडळाचा. तो पलंग ज्यांनी दिला ना, ते."

"आरं, माजे खाटंवाला आला!" त्यांनी आतल्या बायकांना हाक मारली. मग चहा आला, तांदळाच्या भाकऱ्या आल्या, कोलंबी आली. मला दाखवायला शेजारपाजारची माणसं बोलावली गेली. पोटभर जेवून हात धुताना काळुराम म्हणाले, "साहेब, आईला अंगणात फिरायला ते धरून चालायचं मिळेल काय?"

"मिळेल की," मी म्हणालो. पलंग आणायला गेलो आणि वॉकर कबूल करून आलो.

गुरुवारी वॉकर घेऊन पुन्हा गेलो. रिक्षात बसल्या बसल्या वाक्य पाठ केलं: रविवारी पलंग लागणार आहे. सखुबाईंनी वॉकर एका हाताने उचलला आणि तो उगारून अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या. बाई ठणठणीत आहे याला याहून मोठा पुरावा नको होता. मी तोंड उघडलं.

"तुजी आय हाय का रं?" त्यांनी मध्येच विचारलं.

"नाही. गेली."

"मंग मना बघाया येत जा."

आता यावर पलंग मागणारा माणूस कुठे जन्माला आला असेल तर मला दाखवा. मी मांडीवर लाल भोपळा घेऊन परत आलो. शिवाय, नात कृतिकाची हळद आहे, तिथे आजी उभी राहून दमेल, म्हणून व्हीलचेअर द्यायचं कबूल केलेलं.

देवयानीने भोपळ्याकडे पाहिलं. "पलंग फार बारीक झाला हो," ती म्हणाली.

शनिवारी आसावरीचा फोन आला. आईची खोली रिकामी केली होती, जुना पलंग देऊनही टाकला होता. मी हळूच भाड्याच्या दुकानात फोन केला. बुधवारपर्यंत एकही पलंग शिल्लक नव्हता. नीलाताई खुबा बदलून घरी येणार आणि माझ्या शब्दावर झोपणार, अशी परिस्थिती होती.

रविवारी सकाळी टेम्पो घेऊन कल्याणला गेलो. टेम्पोत व्हीलचेअर होतीच. सखुबाई दारातच उभ्या होत्या.

"येवडी मोठी गाडी, एका खुर्चीला?"

मी व्हीलचेअर खाली उतरवू लागलो.

"खाट न्याया आलास ना? पहिल्या दिवशी पन त्यालाच आलतास."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आरं, मोसंबी घेऊन कोन ठान्यावरनं येतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू नाय बोल्लास, मी कशाला बोलू?"

मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. नीलाताईंचा खुबा, रिकामी खोली, माझा शब्द, सगळं. सखुबाई पलंगावर जाऊन बसल्या.

"पाय मोडला तवा समदा गाव बघाया आला," त्या म्हणाल्या. "पाय बरा झाला, पन खाट हाय म्हनून मानसं अजून येतात. खाट गेली की मी बरी झाली. बऱ्या म्हातारीला कोन बघाया येतं रं?"

मला खरंच वाईट वाटलं. चार मजली भरलेलं घर, आणि कोणी जवळ बसावं तर त्यासाठी खाट लागते. "मी येईन ना," मी म्हणालो.

"तू काय, भोपल्यासाठी येशील." त्या उठल्या. "चल, उचल. पन मी पन येनार. माजी खाट कोनाला देतंस ते मना बघायचा हाय."

त्या ड्रायव्हरशेजारी बसल्या, मी मागे पलंग धरून उभा राहिलो. आसावरीचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये सखुबाई मावल्या, पलंग मावला नाही. ड्रायव्हरने आणि मी तो जिन्याने चढवला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वरून सूचना आली, "वाकडी कर, वाकडी कर." मी पलंग वाकडा केला आणि माझ्या कमरेत कळ आली ती थेट पोटरीपर्यंत गेली.

नीलाताईंना स्ट्रेचरवरून आणलं तेव्हा सखुबाई हँडल फिरवून उंची लावत होत्या. नीलाताई निवृत्त मुख्याध्यापिका. एवढ्या दुखण्यातही त्यांनी नीट विचारलं, "आपण कोण?"

"तुजे आधीची मी," सखुबाई म्हणाल्या. "झोप. बरी झालीस की खाट सोडायची. लपून ऱ्हायचा नाय."

संध्याकाळपर्यंत दोघी बोलत बसल्या. काळुराम गाडी घेऊन न्यायला आले तरी सखुबाई उठेनात.

पुढच्या सभेत आसावरीने सुचवलं की वस्तू परत मागायचं काम सखुबाईंनाच द्यावं. मी विरोध केला नाही. मला उभंच राहता येत नव्हतं. आता दर गुरुवारी काळुरामांचा ड्रायव्हर त्यांना गॅरेजपाशी सोडतो. त्या आमच्याच व्हीलचेअरवर बसून फोन लावतात. "बरा झालास का? मंग आन." बस, एवढंच. टॉवेलवाला वॉकर टॉवेलसकट परत आला. सामान पोचवायला आलेली माणसं त्यांच्याजवळ बसतात, चहा घेतात, तब्येत विचारतात. गुरुवारी गॅरेजमध्ये इतकी गर्दी असते की सोसायटीने तक्रार केली आहे.

माझ्या कमरेला डॉक्टरांनी पट्टा सांगितला. अर्थात केंद्रातलाच नेला. हल्ली मी रोज चालत बाजारात जातो, पिशव्या उचलतो, पट्टा बाल्कनीच्या दोरीवर असतो. काल गुरुवार होता. दुपारी फोन वाजला.

"भाऊ, कंबर बरी झाली का रं?"

देवयानी समोरच बसली होती. मी दोरीवरच्या पट्ट्याकडे पाहिलं, आवाज जरा खाली आणला आणि म्हणालो, "राहू दे ना अजून आठ दिवस. परत केला आणि पुन्हा दुखणं आलं तर?"

"घरातच थांब," सखुबाई म्हणाल्या. "मी मोसंबी घेऊन येते."