कवठाळवाडीतला गोलांचा पेपर

समजा, तुम्ही सहावीच्या वर्गात सतरंजीवर बसला आहात. शनिवारची सकाळची शाळा आहे, पोटात भूक आहे आणि समोर लातूरहून आलेला वीस वर्षांचा एक दादा सतरा रंगीत चौकोनांचा फलक धरून उभा आहे. तो सांगतो, हे चौकोन समजले तर जग वाचेल. तुम्ही काय कराल? बरोबर. कवठाळवाडीच्या पोरांनी तेच केलं. एकानं चौकोन मोजले, ते खरंच सतरा भरले, आणि मग तो निवांत झोपला.

फलक धरणाऱ्या त्या दादाचं नाव फरहान. लातूरच्या एका संस्थेनं कॉलेजातल्या मुलामुलींच्या जोड्या करून त्यांना सहा खेड्यांत धाडलं होतं. चार शनिवार शाळेत जायचं आणि मुलांना शाश्वत विकास शिकवायचा. म्हणजे पाणी, माती, झाडं अशी वापरायची की आपल्या नातवंडांनाही ती पुरावीत. चौथ्या शनिवारच्या सुमारास संस्थेच्या मलिका मॅडम सगळ्या शाळा बघायला येणार होत्या. ज्या शाळेतली मुलं शिकवलेलं खरोखर करताना दिसतील, त्या एका शाळेला पावसाचं पाणी साठवायची मोठी टाकी मिळणार होती.

कवठाळवाडी हे शिरूर अनंतपाळच्या पुढचं, भूकंपानंतर माळावर नव्यानं वसवलेलं गाव. गल्ल्या पट्टी धरून आखल्यासारख्या सरळ, घरांना नंबर, रस्ते दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढे रुंद. पाण्याची मात्र ओढ. मुलं घरून बाटली आणत आणि ती संपली की घराची वाट धरत. मुख्याध्यापक रामलिंग गुरुजींनी फरहानला पहिल्याच दिवशी बाजूला घेतलं होतं.

"मला तुमच्या चौकोनातलं काही कळत न्हाई," ते म्हणाले, "पण टाकी तेवढी येऊ द्या. दुपारी पोरं पाणी प्यायला घरी जातेत, ती परत येतच न्हाईत."

फरहाननं लगेच शब्द देऊन टाकला. त्या वयात शब्द द्यायला फार वेळ लागत नाही.

परतीच्या वाटेवर मोटारसायकलवर मागे पुनम बसली होती. ही त्याच्या जोडीची. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला दोनदा बसून ती आता बीएस्सी करत होती, त्यामुळे परीक्षा या विषयात तिचा शब्द अखेरचा असे. ती म्हणाली, "तू गोष्टी सांगून राहिलास. आपल्याकडचं लेकरू गोष्टीनं जागं होत न्हाई, फरहान. पेपरनं होतं."

दुसऱ्या शनिवारी त्यांनी पेपर नेला. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि सोबत लातूरच्या क्लासमध्ये असते तशी, गोल काळे करायची उत्तरपत्रिका. चमत्कार झाला. झोपलेली पोरं ताठ बसली. ज्यांच्याकडे पेन्सिल नव्हती ती शेजाऱ्याच्या पेन्सिलीचा अर्धा तुकडा मोडून घेऊ लागली. अडचण एवढीच, की प्रश्न कुठल्याशा मोठ्या शहरातल्या पुस्तिकेतून उतरवलेले होते. तिसऱ्या प्रश्नाशी सिंधुचा हात वर गेला. सिंधु ही ज्ञानोबा या शेतकऱ्याची मुलगी. गावात सगळे त्याला ग्यानोबा म्हणत. प्रश्न पडला की तो पोटात ठेवणं सिंधुला जमत नसे.

"सर, शॉवर म्हंजे?"

"वरून पाणी पडतं. त्याच्याखाली उभं राहून अंघोळ करायची."

"पाऊस?"

"पाऊस नाही. घरात."

सिंधुनं वर छताकडे बघितलं. "घरात वरून पाणी पडाय लागलं की आमचे बाबा पत्रा बदलतेत, सर."

फरहाननं तो प्रश्न रद्द केला. पाठोपाठ एसीचा, मोटार धुण्याचा आणि बाथटबचा प्रश्नही रद्द झाला. उरलेल्या सोळांवर मुलांनी जीव ओतला आणि उत्तरपत्रिका ऐटीत घरी नेल्या. घोटाळा सुरू झाला तो तिथून.

लातूरच्या आसपास गोल काळे करायचा कागद घरात आला की त्याचा एकच अर्थ होतो. ग्यानोबानं लेकीचा कागद उन्हात धरून बघितला आणि कट्ट्यावर जाऊन सांगितलं, की लातूरचा कुठला तरी मोठा क्लास खेड्यातली हुशार पोरं हुडकत फिरतोय, आणि लेकरांना कळू नये म्हणून त्यांनी शाश्वत विकास असं नाव ठेवलंय. गावाला ते पटलं. मुलगी बघायला येणारे पाहुणे तरी कुठं खरं कारण सांगून येतात?

पुढचं काम रेवणप्पानं केलं. रेवणप्पाचं फाट्यावर झेरॉक्सचं दुकान. चार दिवसांत त्यानं 'शाश्वत विकास : अपेक्षित प्रश्नसंच' नावाची चाळीस पानांची पुस्तिका काढली आणि मारुतीच्या पारावर संध्याकाळची शिकवणीही चालू केली. शाश्वत विकास म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, पण फलकावरच्या चौकोनांतली सतरा ध्येयं त्यानं चालीवर बसवून दिली. कागद वाचवा हा धडा पाठ करण्यासाठी गावात त्या आठवड्यात जेवढा कागद लागला, तेवढा आधी वर्षभरात लागला नसेल.

तिसऱ्या शनिवारी फरहान आणि पुनम शाळेत पोचले तेव्हा तिथं आजूबाजूच्या चार वाड्यांची पोरं आणि त्यांचे आईबाप उभे होते. ग्यानोबा धुतलेलं धोतर नेसून आला होता. त्यानं अगदी सरळ विचारलं. "सर, निवड झाली की पोरांना लातूरला हॉस्टेल तुमचंच असंल ना?"

हाच तो क्षण. इथं फरहाननं नाही म्हणायला हवं होतं. त्यानं तोंड उघडलंही. पण तेवढ्यात त्याला मागे रामलिंग गुरुजी दिसले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत ज्यांच्या पालकसभेला कधी नऊच्या वर माणसं आली नव्हती, ते गुरुजी ती गर्दी डोळे भरून बघत होते. फरहानला वाटलं, एवढा उत्साह मॅडमनी बघितला तर टाकी आलीच म्हणून समजा. तो म्हणाला, "बघू."

पुनमनं त्याला कोपर मारलं. पण सुटलेलं 'बघू' दुपारपर्यंत चार वाड्यांत पोचलं होतं, आणि पोचेपर्यंत त्याचं 'होय' झालं होतं.

चौथ्या शनिवारी मलिका मॅडम बारा वाजता यायच्या होत्या. साडेदहालाच एकशे चाळीस मुलं वर्गांत आणि व्हरांड्यात नव्या पेपरला ओळीनं बसली. फाटकाबाहेर डांबरी रस्त्याच्या कडेला आईबाप बसले होते. लातूरला परीक्षाकेंद्राबाहेर बसतात तसेच. डबे घेऊन, एकमेकांच्या लेकरांची चौकशी करत, मनातून त्यांचा पेपर अवघड जावा असं म्हणत. घरी कोणी थांबलंच नव्हतं. नव्वदीतल्या केवळाबाईसुद्धा खाटेसकट आल्या होत्या, त्यांचा पणतू परीक्षेला बसला होता म्हणून.

पुनमनं फळ्यावर नियम लिहिले. बोलायचं नाही. मान वळवायची नाही. मध्येच उठला त्याचा पेपर रद्द. परीक्षागृहाची शांतता हा तिच्या श्रद्धेचा विषय होता. पाचव्या मिनिटाला शाळेत फक्त पेन्सिलींचा आवाज उरला.

आता इथं कवठाळवाडीची एक रीत सांगायला हवी. गावात नळाचं पाणी आठव्या दिवशी येतं, कधी नवव्या, आणि ते तासभरच असतं. नळांना तोट्या नाहीत, कारण बंद करायची वेळच येत नाही. त्याऐवजी घरोघरी नळाखाली पत्र्याचा रिकामा डबा पालथा ठेवतात. पाणी आलं की डबा वाजतो, आणि शेतात असो की पारावर, माणूस असेल तिथून धावत सुटतं. तो शनिवार होता सातवा दिवस. पाण्याची वाट उद्यापासून बघायची, असा सगळ्यांचा हिशेब होता.

सव्वाअकराला गावाकडून ताशा वाजल्यासारखा आवाज येऊ लागला. आधी एक, मग पाच, मग सगळ्या गल्ल्या. फरहानला वाटलं, गावकऱ्यांनी मॅडमसाठी वाजंत्री ठेवली. आणि तो मनातून सुखावला. फाटकाजवळच्या गलक्यात आईबापांना काही ऐकू गेलं नाही. पण वर्ग होते गावाच्या बाजूला. एकशे चाळीस मुंड्या एकदम वर झाल्या. मुलांनी एकमेकांकडे बघितलं, पुनमच्या हातातल्या लाल पेनकडे बघितलं, आणि एकशे एकोणचाळीस मुंड्या पुन्हा खाली गेल्या.

सिंधु उभी राहिली.

"बस खाली," पुनम म्हणाली. "पेपर रद्द होईल."

"होऊ द्या, ताई. समदं सांडून राहिलंय."

"काय सांडतंय?"

पण सांगत बसायला सिंधुला सवड नव्हती. मागच्या भिंतीवरून तिनं गावाकडे उडी टाकली. पुनमनं नियमाप्रमाणे तिच्या उत्तरपत्रिकेवर लाल रेघ ओढून ती फरहानकडे दिली. फरहाननं शेजारच्या मुलाला हळूच विचारलं, की ही वाजंत्री कुणाची. गोल काळा करताकरता, मान वर न उचलता तो पुटपुटला, "पाणी हाय, सर. समद्यांच्या घरी."

फरहान हातात तो कागद घेऊन भिंतीवरून उडी मारून पळाला.

पहिली गल्ली सरळ आणि उताराची होती. तिच्या मधोमध पाण्याचा छानपैकी ओढा वाहत होता. सिंधु एका अंगणातून दुसऱ्या अंगणात शिरत होती. डबा लाथेनं बाजूला, घागर नळाखाली, पुढचं घर. आणि तिच्या मागून, साडी घोट्याच्या वर खोचून, भरलेली कळशी ओट्यावर उचलून ठेवत मलिका मॅडम येत होत्या. त्यांची जीप पाऊण तास आधीच आली होती आणि गावातून शाळेकडे निघाली होती. वाटेत एका मुलीनं त्यांना हात करून थांबवलं आणि, तुम्ही कोण, कुठल्या, असलं काही न विचारता हातात कळशी दिली.

"फरहान," मॅडम धापा टाकत म्हणाल्या, "तुमची मुलं कुठं आहेत?"

"शाळेत, मॅडम. पेपर चालू आहे."

"कसला?"

फरहाननं पायाखालून वाहणाऱ्या पाण्याकडे बघितलं. "पाणी बचतीचा."

मॅडमनी पुढची कळशी उचलली. तेवढ्यात फाटकाजवळ कुणाला तरी खबर लागली असावी. आधी आरडाओरडा ऐकू आला, मग अख्खं गाव आपापल्या नळाकडे धावत गल्लीत घुसलं. पुनमच्या नियमांसकट परीक्षा मोडली. पण ग्यानोबा घराकडे गेला नाही. लेक पेपर सोडून बाहेर आलेली बघून तो जागेवरच थिजला होता. फरहानच्या हातातला लाल रेघेचा कागद त्यानं ओळखला.

"सर," तो हात जोडून म्हणाला, "लेकराची चूक झाली. तिला आणखी एक डाव बसवा. आमच्या घरातून कुणी लातूरला शिकाय गेलं न्हाई. हिची निवड होऊ द्या."

फरहानच्या ओठांवर पुन्हा 'बघू' आलं होतं. शेजारी मॅडम उभ्या होत्या, मागे रामलिंग गुरुजी. खरं बोललं की टाकी गेली, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पण हात जोडून उभ्या असलेल्या माणसासमोर तो शब्द काही बाहेर पडेना.

"काका, निवड नाहीच," तो म्हणाला. "कधीच नव्हती. तुम्ही मागं विचारलं तेव्हाच मी सांगायला पाहिजे होतं. गर्दी बघून मला बरं वाटलं, म्हणून बघू म्हणालो."

घागरी लावणारे हात जागच्या जागी थांबले. वाजत राहिले ते नळाखालचे उरलेले डबे. रेवणप्पा समोरच्या घराचा नंबर मोठ्या एकाग्रतेनं वाचू लागला. ग्यानोबानं जोडलेले हात सोडले, पण त्यांचं आता काय करावं हे त्याला कळेना.

मलिका मॅडमनी रामलिंग गुरुजींना विचारलं, की ह्या मुलीनं किती घरांत भांडी लावली. गुरुजींनी गल्लीवर नजर फिरवली आणि सांगितलं, एकोणीस.

"ह्यात हिचं घर कोणतं?"

"हिचं?" गुरुजींनी माळाच्या पार टोकाकडे बोट केलं. "ते शेवटच्या गल्लीत. ही शाळेजवळच्या घरापासून लागली ना कामाला, ओळीनं."

मॅडमनी पदरानं हात पुसले. "गुरुजी, टाकी बसवायला जागा किती लागेल ते सांगून ठेवते. फरहान, तुमच्याशी मात्र मला वेगळं बोलायचंय. आज नको."

गुरुजींनी टाळी वाजवली. मग आणखी कुणी वाजवली, आणि टाळ्या वाजवत सगळे सिंधुकडे वळले. तिला ते ऐकायला वेळ नव्हता. तिनं फरहानच्या हातातला तो लाल रेघेचा कागद काढून घेतला, उडू नये म्हणून ओट्यावर दगडाखाली ठेवला आणि त्याच्या हातात रिकामी घागर दिली.

"सर, अर्धा तास पाणी हाय आजून," ती म्हणाली. "आमच्या गल्लीकडं पळा." आणि तो आपल्यामागून येतोय की नाही हे बघायलाही न थांबता ती पुढे पळत सुटली.