कान्रोकूचा गुडघा

माणूस आत बसेल एवढा आंघोळीचा हंडा तापला होता, शेजारी खांद्यावर पंचे टाकून अंगणात उभे होते, आणि हंड्यातली फळी काही सापडत नव्हती. लोखंडी हंड्याखाली जाळ पेटलेला, त्यामुळे फळीवर पाय ठेवून उतरलं नाही तर तळवे भाजून निघायचे.

फळी म्हाताऱ्या कान्रोकूच्या बुडाखाली होती. चुलीपाशी फळीवर चटई अंथरून तो ठाण मांडून बसला होता.

गावात आळीपाळीने एकेका घरी हंडा तापे आणि सगळी आळी त्याच पाण्यात न्हाई. आधी पाहुणे, मग घरचे पुरुष, मग बायका आणि सगळ्यात शेवटी नवी सून. भातलावणीच्या दिवसांत सुनेची, ओमियोची पाळी येईपर्यंत हंड्यात पाणी कमी आणि शेत जास्त उरे. गेल्या खेपेला ती गेली त्याहून मळकी होऊन बाहेर आली, तरी "छान होतं पाणी" म्हणाली. तेव्हापासून म्हाताऱ्याला चैन नव्हतं. पोरीला एकदा तरी निवळ पाणी मिळावं, एवढंच त्याला हवं होतं. पण तसं उघड बोलला असता तर रीत मोडल्याचा बोल तिलाच लागला असता.

"अहो, उठा जरा, चटईखाली बघू दे," त्याची बायको ओशिगे म्हणाली.

"गुडघा धरलाय."

"सकाळी तर बांधावरून उड्या मारत होतात."

"म्हणूनच धरला."

हे ऐकून शेजारच्या गेन्पेईला परोपकाराची हुक्की आली आणि तो ओकुमा आजीला घेऊन आला. आजीकडे सगळ्या दुखण्यांवर एकच इलाज होता. वाळल्या पाल्याची गोळी कातडीवर ठेवून ती पेटवायची.

"लागतंय का रे?"

"ना... नाही," कान्रोकू दात आवळून म्हणाला.

"मग दुखणं खोल आहे. आणखी एक ठेवते."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण तो तसूभर हलला नाही. गेन्पेईला अजून एक युक्ती सुचली. "फळी नाही तर नाही, आमच्या मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपाचं झाकण आणतो."

"म्हणजे आठवडाभर सगळी आळी लोणच्यासारखी घमघमणार," बायका म्हणाल्या आणि कोरडे पंचे घेऊन आपापल्या घरी गेल्या. पाठोपाठ पुरुषही गेले. ओशिगे आजीला पोचवायला निघाली.

कान्रोकू टुणकन उठला. "ओमियो, ही घे फळी. पाणी निवळ आहे, जा."

ओमियोने फळीकडे पाहिलं, मग त्याच्या लालभडक गुडघ्याकडे. तिचे डोळे भरून आले. "मामंजी, तुमच्या आधी मी कशी जाऊ?"

म्हाताऱ्याने न्हाणीत जाऊन हंड्यात करंगळी बुडवली. "झाली माझी आंघोळ. जा आता."

थोड्या वेळाने ती आत भात लावतानाचं गाणं गुणगुणू लागली. कान्रोकूला फार बरं वाटलं, गुडघा सोडून सगळीकडे.

पुढच्या खेपेला त्यांच्याकडे हंडा तापला, तेव्हा तो हळूच फळी लपवायला गेला, तर ती जागेवर नव्हतीच. चुलीपाशी ओशिगे बसली होती, नेहमीपेक्षा जरा उंच.

"माझी कंबर धरलीये," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून पुटपुटली, "मीही याच घरात शेवटी न्हायचे. तेव्हा कुणाचा गुडघा नाही धरला."

तेवढ्यात गेन्पेई लगबगीने ओकुमा आजीला घेऊन आला. म्हातारा बायकोला खेटून बसला आणि त्याने गुडघा उघडा केला.

"दुखणं दोघांचं एकच आहे, आजी," तो म्हणाला. "चटके इथे द्या."